राजनंदिनीचं रेकॉर्डिंग

निसटून जाणारा क्षण जपून ठेवावा, ही माणसाच्या मनातली फार जुनी आणि उदात्त ओढ आहे. त्यापायी त्याने दगड कोरले, ताम्रपट घडवले, बखरी लिहून काढल्या. शिवाजी पेठेतल्या हंबीरराव पोवारांनी याच ओढीने आपल्या सेट-टॉप बॉक्सच्या मागे हार्ड डिस्क लावली. रुद्रय्याचं तोंड एकदाचं बंद व्हावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

हंबीरराव आणि रुद्रय्या दोघेही दूध कट्ट्यावर म्हशी घेऊन बसणारे. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, समोर धार काढून घेतं, उभ्या उभ्या पेला रिकामा करतं आणि मिशीला लागलेला फेस पुसत घरी जातं. हंबीररावांच्या म्हशीचं नाव राजनंदिनी, रुद्रय्याच्या म्हशीचं सौंदर्या. दोघी पंढरपुरी, लांब तलवारीसारख्या शिंगांच्या, आणि मालकांइतक्याच एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या.

श्रावणात रंकाळ्याच्या मागच्या अंगाला टीव्हीवरच्या एका मालिकेचं शूटिंग झालं. नायिका पुण्याहून गावाकडे येते आणि म्हशीच्या गळ्यात पडून रडते, असा प्रसंग होता. दिग्दर्शकाने आधी राजनंदिनीला उभं केलं, मग सौंदर्याला. नायिका दोघींच्या गळ्यात पडून सारखीच रडली. दिग्दर्शक दोन्ही वेळा "वा, वा" म्हणाला आणि निघून गेला. कुठली म्हैस ठेवली, कुठली कापली, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

एरवी हे कुणी मनावर घेतलं नसतं. पण दिवाळीचा पाडवा तोंडावर आला होता. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. अंगाला तेल, शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं. मालक मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढे धडधडत जातो आणि म्हैस त्याच्यामागे पळते. कट्ट्याच्या मिरवणुकीत पहिली म्हैस कुणाची, यावरून गेली दोन वर्षं बोलाचाली होत होती. यंदा हात उचलायची वेळ आली, तेव्हा चिमणाबाईंनी निवाडा दिला. चिमणाबाई कट्ट्यावरच्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हशीला ओरडल्या तरी माणसं गप्प बसत.

"टीव्हीत जी दिसंल ती फुडं," चिमणाबाई म्हणाल्या. "इषय संपला."

"पर आक्का, मालिका सातला लागती," रुद्रय्या म्हणाला. "सातला आपण समदी हितं धारा काढतोय. आन सकाळी परत दावत्यात तवा बी धाराच काढतोय."

"पोरं मोबाइलात बघत्यात की," कुणीतरी म्हणालं.

"मोबाइलात म्हस माशीएवढी दिसती. मोठ्या पडद्यावर बघायची. आन थांबवून बघायची," चिमणाबाईंनी बजावलं.

"माज्या घरात थांबवून दाखवतो," हंबीरराव म्हणाले. टीव्ही थांबवता येतो की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण रुद्रय्याच्या आधी बोलणं जरुरीचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी मुलाला, सम्राटला विचारलं. सम्राटला मोटारसायकलमधलं सगळं आणि बाकीच्यातलं थोडं थोडं कळत असे.

"येतंय की आबा. बॉक्सच्या मागं भोक हाय बगा."

"त्ये मोबाइल चार्ज करायचं भोक हाय."

"न्हाय ओ. त्यात पेन ड्राइव्ह घालायचा. मग बॉक्स त्यात रेकॉर्ड करतोय."

पेन ड्राइव्ह घरात होता. एका साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांना भेट मिळालेला, उसाच्या कांडीच्या आकाराचा, वर हिरवी पाती असलेला. पाती भिंतीला अडू लागली, म्हणून हंबीररावांनी ती विळीने छाटली. त्यांच्या आत्तीने, धोंडुबाईंनी, रात्रीचं कीर्तन लावलं होतं. तेच चाचणीसाठी रेकॉर्ड केलं. नंतर लावून पाहिलं, तर बुवांचा हात वर गेला तो वरच राहिला. बुवा आडवे फाटले. मग ते एकदम चार वाक्यं पुढे जाऊन हात जोडून उभे.

"बुवास्नी काय झालं रं?" धोंडुबाईंनी घाबरून विचारलं.

"बुवा ठीक हाईत. पेन ड्राइव्ह हळू हाय," सम्राट म्हणाला. "बॉक्स भराभर लिवतोय, ह्येला तेवढं घेता येत न्हाय."

राजनंदिनीची अशी अवस्था झाली तर रुद्रय्या वर्षभर हसला असता. बापलेक मोबाइलच्या दुकानात गेले. पेठेत दुकान एकच जवळचं, आणि ते मल्लेशचं. मल्लेश हा रुद्रय्याचा सख्खा पुतण्या. हंबीरराव पायरीवरच थांबले, जणू आत गेलं तर म्हैस बाटेल.

"काका, त्येला हार्ड डिस्क पायजे," मल्लेश म्हणाला. "नवी घ्या. आन घरातली जुनी बिनी लावू नका हं. बॉक्स आदी समदं पुसून काढतोय, मगच आपलं लिवाय बसतोय. आत काय असंल त्ये गेलंच म्हणून समजा."

"बरं बरं," हंबीरराव म्हणाले आणि सम्राटला दंडाला धरून बाहेर काढलं. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "बघितलंस? नवी घ्या म्हणतोय. म्हंजे त्येच्याकडची. चुलता सांगंल तसली देणार. सातला लावली की आटला बंद. न्हायतर आदीच सौंदर्या भरून ठेवली असंल त्यात."

"असं हुईत न्हाय आबा."

"तुला काय म्हाईत? जुनी लावू नका म्हणतोय, म्हंजे जुनीच लावायची. हाय का घरात?"

जुनी घरात होती. सम्राटची बायको क्रांती शाळेत शिक्षिका. तिची एक काळी हार्ड डिस्क कपाटात, मखमली बटव्यात असे. बटव्यावर तिने कागद चिकटवला होता, "हात लावू नये." क्रांती भावाच्या मुलाच्या बारशाला शिरोळला माहेरी गेली होती आणि दिवाळीला परत यायची होती.

"हात लावू नये म्हणती," सम्राट म्हणाला.

"त्ये पोरांसाठी लिवलंय. शाळंतल्या."

"इचारू का फोन करून?"

"इचारलं तर न्हाय म्हनंल," हंबीररावांनी अनुभवाचे बोल सुनावले. "बारशाच्या घरात कशाला तरास द्यायचा?"

डिस्क बॉक्सला जोडली. पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि खाली दोन चौकोन. सम्राटने ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आबा, ह्येच्यातलं समदं पुसंल म्हणतंय. करू का म्हणून इचारतंय."

"मल्लेश बी ह्येच म्हणत हुता न्हवं?"

"व्हय."

"मग खोटं हाय," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी रिमोटचं मधलं बटण दाबलं.

एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. धोंडुबाईंनी हात जोडले. काहीतरी भरत चाललंय, म्हणजे चांगलंच असणार. सम्राट पट्टीकडे पाहत राहिला. लग्नाचा अल्बम? परीक्षेचे पेपर? बीएडचं सगळं काम? पट्टी उजव्या टोकाला पोचली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. डिस्क आता कोरी होती, आणि क्रांती यायला फार दिवस नव्हते.

या वेळी चाचणी मात्र झकास उतरली. बुवांचा हात वर गेला आणि खालीही आला.

मालिकेच्या जाहिरातीत गुरुवारी गोठा दिसणार असं दाखवलं, आणि पोवारांच्या घरात गुरुवारी सकाळपासून कुणी मोठ्याने बोललं नाही. सम्राटने सगळं बॉक्समध्ये लावून दिलं आणि धोंडुबाईंना समोर बसवून सांगितलं.

"आत्ती, ह्यो एकच च्यानेल एका टायमाला येतोय. बदलला की रेकॉर्डिंग गेलं. आज कीर्तन न्हाय."

"बुवास्नी बरं वाटतंय न्हवं?"

"बुवा चांगले हाईत. तुमी कशालाच हात लावू नका."

खबरदारी म्हणून रिमोट तांदळाच्या डब्यात पुरला. हंबीरराव आणि सम्राट राजनंदिनीला घेऊन कट्ट्यावर गेले.

कट्ट्यावर त्या संध्याकाळी दूध कमी आणि शांतता जास्त होती. रुद्रय्या सौंदर्याच्या पाठीवर हात फिरवत तिच्याशी कानडीत बोलत होता. सात वाजायला आले आणि पन्हाळ्याच्या बाजूने आभाळ काळं होऊन आलं. वारा सुटला. पहिली वीज चमकली, तेव्हा हंबीररावांची धार पेल्यात न पडता गिऱ्हाइकाच्या बुटावर पडली.

खिशातला फोन वाजला. धोंडुबाई.

"हंबीर, इजा कडाडाय लागल्यात रं. टीव्ही बंद करते."

"न्हाय! आत्ती, हात लावायचा न्हाय!"

"अरं इजा झाल्या की टीव्ही बंद करायचा असतोय. तूच सांगितलंयस मला. गेल्या पावसात शेजारच्यांचा जळला."

"आज न्हाय! आत्ती, ऐक…"

"केला बग बंद. आता भ्या न्हाय." धोंडुबाई समाधानाने म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हंबीररावांनी बादली खाली ठेवली नाही, म्हशीकडे पाहिलं नाही, गिऱ्हाइकाला काही सांगितलं नाही. ते धावत सुटले. पावसाचे टपोरे थेंब, हातात अर्धी बादली दूध, पायात एकच चप्पल.

"पळाला!" रुद्रय्या ओरडला. "रेकॉर्डिंग बदलाय पळाला!" आणि तोही त्यांच्यामागे पळाला. सम्राट दोघांच्या मागे. त्या दिवशी कट्ट्यावर राजनंदिनी आणि सौंदर्या दोघींची धार चिमणाबाईंनी काढली, आणि दोघींनी ती निमूट काढू दिली.

घरात अंधार होता. टीव्हीचा पडदा काळा. धोंडुबाई देवासमोर दिवा लावून बसलेल्या. हंबीरराव दारातच खाली बसले.

"संपलं. बुडवलंस आत्ती."

"मी काय केलं? पडद्याचंच बटण दाबलं."

सम्राट धापा टाकत आला आणि बॉक्ससमोर वाकला. अंधारात बॉक्सवर एक लाल ठिपका चमकत होता.

"आबा! चालू हाय! आत्तीनं नुसता टीव्ही बंद केलाय. बॉक्स चालू हाय. रेकॉर्डिंग आतल्या आत हुतंय!"

"मग टीव्ही लाव की, बघू," रुद्रय्या म्हणाला. तो भिजून दाराला टेकला होता आणि आपण शत्रूच्या घरात आहोत हे त्याच्या आत्ता लक्षात येत होतं.

"आन ह्या गडबडीत ठिपका इझला तर?" हंबीरराव म्हणाले.

"व्हय. इझला तर माजं बी नुकसान हाय," रुद्रय्या म्हणाला.

"कुणी कशाला हात लावायचा न्हाय," सम्राटने जाहीर केलं.

मग दोघेही त्या काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसले. बाहेर पाऊस कोसळत होता. आत, त्या बंद पडद्याच्या मागे, नायिका कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यात पडून रडत होती. दोघांनी अर्धा तास त्या लाल ठिपक्यावरची नजर हलवली नाही. धोंडुबाईंनी दोघांना दूध दिलं. बादलीत ते आयतंच होतं.

ठिपका आपोआप विझला आणि दोघांनी श्वास सोडला.

"आता लाव," हंबीरराव म्हणाले.

"हितं न्हाय," रुद्रय्या उठला. "हितं तुमचा टीव्ही, तुमचा बॉक्स, तुमचा पोरगा. चिमणाआक्काच्या घरात बघायचं. समद्यांदेखत."

सम्राटला त्यात वावगं दिसलं नाही. डिस्क शर्टाच्या आत घालून तो चिमणाबाईंच्या घरी गेला. कट्टा उठला होता आणि सगळे गवळी तिथे आधीच दाटीवाटीने बसले होते. सम्राटने डिस्क त्यांच्या बॉक्सला जोडली. पडद्यावर राजनंदिनी आली नाही, सौंदर्या आली नाही. एक इंग्रजी ओळ आली आणि खाली दोन चौकोन.

"काय म्हणतंय?" चिमणाबाईंनी विचारलं.

"पुसू का म्हणून इचारतंय," सम्राट पुटपुटला आणि त्याने डिस्क अशी उपटली की बॉक्ससुद्धा खाली आला. "आक्का, ज्या बॉक्सनं लिवलं त्योच वाचतोय. दुसऱ्याला कुलूप लावलेलं असतंय."

खोलीत कुजबुज झाली.

"म्हंजे हंबीररावांची म्हस हंबीररावांच्याच घरात दिसती व्हय?" रुद्रय्या म्हणाला. सगळे हसले. हंबीरराव लालबुंद झाले.

"चला रं समदी," चिमणाबाई उठल्या. "त्येच्या घरात तर त्येच्या घरात. धोंडुबाईला म्हणावं चा टाक."

अख्खा कट्टा पोवारांच्या पुढच्या खोलीत, सोप्यात शिरला. माणसं कपाटाला टेकली, धान्याच्या पोत्यांवर बसली, दोघं खिडकीत. रिमोट तांदळातून काढला. सम्राटने बटण दाबलं आणि मालिका लागली, स्वच्छ, न अडखळता. कुणीही श्वास मोठा घेत नव्हतं.

नायिका गाडीतून उतरली. गोठ्याकडे धावली. संगीत वाढलं.

"आली," हंबीरराव कुजबुजले.

म्हैस आली. तिची काळीभोर पाठ पडद्यावर आली. दोघींना ओळखायच्या खुणा सगळ्या कट्ट्याला ठाऊक होत्या. राजनंदिनीच्या कपाळावर पांढरा ठिपका, सौंदर्याच्या डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. म्हणजे तोंड दिसलं की प्रश्न मिटला. नायिकेने म्हशीच्या गळ्यात हात टाकले आणि आपलं डोकं बरोबर तिच्या कपाळावर टेकवलं. तिचा पदर डाव्या शिंगावर पसरला.

"बाई, सर की," एक म्हातारा गवळी कळवळून म्हणाला.

नायिका बराच वेळ रडली. कट्ट्याने पहिल्यांदाच कुणाच्या रडण्याकडे इतक्या रागाने पाहिलं. अखेर तिने डोळे पुसले, ती बाजूला झाली आणि म्हशीने सावकाश तोंड वळवलं.

त्या क्षणी म्हशीचे चौकोन झाले.

पडद्यावर काळे, करडे, पांढरे तुकडे एकमेकांवर घसरू लागले. नायिकेचा एक डोळा म्हशीच्या पाठीवर उगवला. आवाज तुटला. चित्र सरळ झालं तेव्हा नायिका चुलीपाशी बसून भाकरी थापत होती.

"काय झालं?" हंबीररावांचा आवाज फुटला.

"पाऊस," सम्राट म्हणाला. "छतावरच्या छत्रीला पाणी लागलं की सिग्नल जातोय."

"थांबीव! माघारी घे! थांबीव!"

सम्राटने मागे घेतलं, थांबवलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा थांबवलं. प्रत्येक वेळी कट्टा पुढे वाकला. एका चौकोनात पांढरं काहीतरी होतं.

"त्यो ठिपका हाय!" हंबीरराव ओरडले. "माजी हाय!"

"त्यो बाईचा दात हाय," रुद्रय्या म्हणाला. "शिंगाचं टोक बगा, मोडलंय की!"

"समदी म्हसच मोडलीया लेका! शिंगाचं काय घिऊन बसलास?"

हंबीररावांनी पोत्यावरून उडी घेतली, रुद्रय्याने बाह्या सारल्या. चिमणाबाईंनी चहाची बशी जमिनीवर टेकवली. आवाज फार झाला नाही, पण दोघं थांबले.

"बघितलं मी," चिमणाबाई म्हणाल्या. "म्हस काळी हाय. तुमच्या दोघांच्या बी काळ्याच हाईत. यंदा फुडं माजी म्हस जाईल. तुमी दोगं मागनं या, मोटारसायकलचा धूर खाईत."

"पर आक्का…"

"एकदा बघितलं, झालं. परत बघायचं न्हाय. चा झकास हुता धोंडुबाई."

कट्टा आला तसा निघून गेला. रुद्रय्या सगळ्यांत शेवटी उठला. दारात घुटमळला.

"म्हस तुमची बी असंल हंबीरराव," तो म्हणाला. "पर सांगता येत न्हाय."

"तुमची बी असंल," हंबीरराव म्हणाले. त्यांना ते बोलताना दात दुखल्यासारखं झालं.

रुद्रय्याची पाठ वळते न वळते तोच दारात रिक्षा थांबली आणि क्रांती उतरली. पावसाची बातमी ऐकून एक दिवस आधीच निघाली होती. तिने सोप्यातल्या कपबशा पाहिल्या, सासऱ्यांचा चेहरा पाहिला, आणि सम्राट बॉक्सच्या पुढे अंग घालून उभा आहे तेही पाहिलं.

"मामा, काय झालं? कोण गेलं काय?"

हंबीररावांनी सगळी हकीकत सांगितली. निवाडा, वीज, लाल ठिपका, चौकोन. डिस्क कुठून आणली ते तेवढं गाळलं.

"अगं बाई," क्रांती म्हणाली आणि हसलीच. "एवढ्यासाठी? मला इचारायचं तरी. शूटिंगच्या दिवशी मी मोबाइलवर सगळा व्हिडिओ घेतलेला की! राजनंदिनी पार तोंडासमोर. नंतर ते डायरेक्टर म्हणतायत, आपल्याला हीच ठेवायची, दुसरी नको. आवाजासकट हाय. टीव्हीला लावून मोठ्या पडद्यावर दाखवला असता."

हंबीररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, चिमणाबाईंकडे जायच्या तयारीनेच.

"काढ पोरी. काढ मोबाइल."

"मोबाइलात न्हाय आता. फोन भरला म्हणून मी कवाच दुसरीकडं टाकून ठेवला. जपून. कपाटात बटवा हाय बघा माझा…"

ती बोलता बोलता थांबली. रिकामा मखमली बटवा पोत्यावर पडला होता. तिची नजर बटव्यावरून सम्राटवर गेली, सम्राटवरून बॉक्सकडे. हंबीररावांनी टोपी काढली आणि पुन्हा खुंटीला लावली.

टीव्हीवर मालिका संपून एक इंग्रजी ओळ आली होती. धोंडुबाईंनी चष्मा वर सारला.

"आता काय लिवलंय रं त्यात?"

सम्राटने ओळ वाचली.

"जागा लई शिल्लक हाय म्हणतंय."